भंगारवाल्याची गलबते

मी काही समुद्रकाठच्या गावात वाढलेलो नाही. बेळगाव परिसरातील आम्हा मंडळींचा समुद्राशी संबंध म्हणजे वर्षातून एकदा आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला किंवा मालवणला जाणे, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहणे आणि परतताना सुक्या बांगड्यांची पिशवी वासासकट गाडीच्या टपावर बांधणे, एवढाच. त्यामुळे समुद्राच्या चित्रांविषयी लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. एम.ए. मराठीची पदवी तेथे उपयोगाची नाही. पण एका म्हाताऱ्या खलाशाची चित्रे मी पाहिली आणि तेव्हापासून माझ्या अध्यापनकाळातील एका चुकीची आठवण मला स्वस्थ बसू देत नाही. ती चूक शेवटी सांगेन. आधी चित्रे.

2023 च्या मे महिन्यात, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असताना, मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. केंब्रिज गावात केटल्स यार्ड नावाचे एक घर आहे. घंटी वाजवली की आतून कोणी तरी दार उघडते आणि पाहुण्याला घ्यावे तसे आपल्याला आत घेते. लंडनच्या टेट गॅलरीत एके काळी नोकरी केलेले जिम ईड हे गृहस्थ 1957 साली पत्नीसह येथे राहायला आले. मोडकळीला आलेल्या चार छोट्या घरांचे त्यांनी एक घर केले, आयुष्यभर जमवलेली चित्रे त्यात लावली आणि विद्यापीठाच्या मुलांसाठी दुपारचे दार उघडे ठेवले. 1966 साली हे सारे त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले. विद्यार्थ्याने संग्रहातील एखादे चित्र मागून न्यावे आणि सत्रभर आपल्या खोलीत लावावे, अशीही सोय त्यांनी केली. ती प्रथा अजून चालू आहे. मुख्याध्यापकाच्या डोळ्यांना ही व्यवस्था आधी दिसली, चित्रे नंतर दिसली, हे कबूल करतो.

त्या घरात समुद्रकाठचे गोटे, शिंपले, लाकडाचे वाळके तुकडे हे चित्रांच्या बरोबरीने मांडलेले आहेत. चित्रे उंच टांगलेली नाहीत. खुर्चीत बसणाऱ्याच्या नजरेसमोर यावीत इतकी खाली आहेत. तशाच एका खुर्चीत मी टेकलो आणि समोर पुठ्ठ्याचा एक वेडावाकडा तुकडा दिसला. त्याच्या चारही बाजू चार लांबीच्या होत्या. त्यावर एक गलबत होते. चित्रकाराचे नाव आल्फ्रेड वॉलिस.

वॉलिसचा जन्म 1855 सालचा, डेव्हनपोर्टचा. आईबाप कॉर्नवॉलकडचे. इंग्लंडच्या नकाशात नैर्ऋत्येला जे टोक समुद्रात घुसलेले दिसते, ते कॉर्नवॉल. वॉलिस लहानपणीच कामाला लागला, पुढे शिडाच्या जहाजांवर गेला. 1876 च्या सुमारास तो अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आला. त्याच वर्षी त्याने सुझन वॉर्ड या विधवेशी लग्न केले. ती त्याच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी, पदरी मुले असलेली. या दोघांची झालेली दोन्ही मुले तान्हेपणीच गेली. दूरच्या सफरी सोडून त्याने किनाऱ्यावरची मासेमारी धरली आणि पुढे 1890 च्या सुमारास सेंट आइव्ज या कोळ्यांच्या गावात येऊन दुकान थाटले. दुकान कसले? जहाजी भंगाराचे. जुने दोर, फाटकी शिडे, जाळी, लोखंड, कोळ्यांच्या घरातील अडगळ विकत घ्यायची आणि विकायची. वीसएक वर्षे त्याने हा धंदा केला आणि 1912 साली बंद केला. 1922 साली सुझन वारली. त्यानंतर सत्तरीच्या आसपास पोचलेला हा माणूस चित्रे काढू लागला. का, तर सोबत म्हणून, असे तो सांगे.

कागद, कॅनव्हास हे त्याने विकत घेतले नाहीत. वाण्याकडच्या खोक्यांचे पुठ्ठे, जाहिरातींच्या पाट्यांच्या पाठी, लाकडाच्या फळ्या, जे हाती येईल त्यावर तो रंगवी. घरातले टेबल आणि पाण्याचे मडके हेही त्याच्या हातून सुटले नाही. रंग तेच, जे बोटीला आणि घराला लावतात. चित्रे भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली. 1928 च्या ऑगस्टमध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्तोफर वुड हे दोन तरुण चित्रकार त्या गल्लीतून जात असता उघड्या दारातून त्यांना ही भिंत दिसली. तेथून वॉलिसचे नाव लंडनच्या कलावर्तुळात गेले. निकल्सनमार्फत ते ईडपर्यंत पोचले आणि ईडना वॉलिस टपालाने चित्रांची बंडले पाठवू लागला. एका वेळी साठेक चित्रे येत. ईड हवी ती ठेवून घेत. किंमत एक, दोन किंवा तीन शिलिंग, आणि ती ठरे चित्राच्या आकारावर. आज केटल्स यार्डमध्ये त्याची शंभरावर चित्रे आहेत, ती अशी आलेली.

आकारावर किंमत, हे वाचून प्रथम हसू येते. मग लक्षात येते की भंगारवाल्याचा हिशेब तोच असतो. वजन किंवा माप. त्यातला कुठला दोर कोणत्या वादळातून आला, याचे पैसे कोणी देत नाही.

आता त्या पुठ्ठ्याकडे परत जाऊ. चौकोनी कागदावर चित्र काढणारा माणूस आधी जागेचा विचार करतो. मधोमध काय, बाजूला काय. वॉलिसच्या चित्रात जागा आधीच काही तरी बोलत असते. पुठ्ठ्याची वरची कड तिरपी कापलेली असेल तर गलबत त्या तिरकसपणाने कलते आणि पाहणाऱ्याला न सांगता समजते की वारा कुठल्या बाजूचा आहे. पुठ्ठा एका टोकाला निमुळता असेल तर बंदराचे तोंड तेथे येते. पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंग तो पुष्कळदा तसाच सोडून देतो. तो कधी वाळू होतो, कधी ढगाळ आभाळ, कधी गलबताची बाजू. पांढरा, काळा, करडा, दाट हिरवा आणि मातकट असे चार-पाच रंग. निळा समुद्र हा सुट्टीला गेलेल्यांचा समुद्र. याचा समुद्र राखाडी, पांढुरका आणि हिरवट आहे. ज्यात रात्री काम करावे लागते तसा.

यथार्थदर्शनाचे नियम येथे नाहीत. बंदराकाठची घरे काही सरळ, काही आडवी, काही उलटी. म्हाताऱ्याने टेबलावर पुठ्ठा फिरवत फिरवत ती काढली असावीत. बोटीतून बंदरात शिरताना डावीकडची घरे एका अंगाने दिसतात, वळल्यावर उजवीकडची दुसऱ्या अंगाने, तशी. दीपगृह डोंगराएवढे, कारण अंधारात खलाशाला डोंगर दिसत नाही, दीपगृह दिसते. बोटीखालचा मासा कधी बोटीइतका लांब. महत्त्वाचे ते मोठे, हा त्याचा नियम. आपल्या पोथ्यांतील चित्रे आणि चित्रकथींच्या रामायणातील पात्रे पाहिलेल्या माणसाला हा नियम परका वाटू नये. आपल्या बोटींबरोबर काढलेले मासे हे मासे नव्हेतच, प्रत्येक बोटीला आत्मा असतो आणि तो माशाच्या आकाराचा असतो, अशा अर्थाचे काही तो एकदा बोलल्याचे सांगतात. हे वाचल्यावर त्या माशांची लांबी मोजण्याचे कारण उरत नाही.

शिडांच्या तपकिरी रंगाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॉर्नवॉलचे कोळी आपली शिडे आणि जाळी कुजू नयेत म्हणून कढईत उकळलेल्या काढ्यात बुडवीत. हा काढा पुष्कळदा काताचा असे. होय, आपण विड्यात घालतो तोच कात, खैराच्या लाकडापासून निघणारा. ब्रह्मदेशातून आणि हिंदुस्थानातून तो तिकडे जाई. म्हणजे वॉलिसच्या गलबतांच्या अंगावर जो लालसर तपकिरी रंग आहे, त्याचे मूळ आपल्या बाजूच्या जंगलात आहे. आजीच्या पानाच्या डब्यातील रंग सातासमुद्रापलीकडच्या शिडावर ओळखू यावा, याचे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या फार नवल वाटले.

आता थोडे शास्त्रार्थाचे. टाकाऊ वा सापडलेल्या वस्तूंची कला ही विसाव्या शतकातील मोठी घडामोड. मार्सेल द्यूशाँने 1917 साली मुतारीचे तयार भांडे 'फाउंटन' या नावाने प्रदर्शनाला पाठवले. पिकासोने 1942 साली सायकलचे बसायचे सीट आणि हँडल एवढ्या दोन वस्तू जोडून बैलाचे डोके केले. याच 1942 साली वॉलिस वारला, हा योगायोग. या दोन्ही कृतींत एक बुद्धीची झेप आहे आणि ती वस्तू नजरेस पडण्याच्या क्षणी घडते. वस्तू आपल्या मूळ कामातून मुक्त होते आणि कलाकाराच्या कल्पनेची वाहक होते. पाहणारा चमकतो, कधी हसतो.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्यावयाचे तर गोव्याचे सुबोध केरकर. डॉक्टरी सोडून ते कलेकडे वळले आणि 2015 साली पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी म्युझियम ऑफ गोवा सुरू केले. चिनी मातीच्या ताटल्या समुद्रात ठेवायच्या, त्यांवर कालवे वाढू द्यायची आणि समुद्राचा हात फिरलेल्या त्या ताटल्या कलाकृती म्हणून मांडायच्या, असे एक काम त्यांनी केले आहे. कल्पना मोठी सुरेख आहे. त्या ताटलीत गोव्याच्या दर्यावर्दी व्यापाराचा इतिहास आहे, आणि माणसाने केलेल्या नक्षीवर समुद्राने आपली नक्षी चढवली आहे. समुद्राला सहकलाकार करून घेण्याचे धैर्य त्यात आहे. तरीही तेथे कल्पना आधी येते आणि वस्तू नंतर येते. ताटली पाण्यात उतरण्यापूर्वीच ती कलाकृती व्हायची हे ठरलेले असते.

वॉलिसकडे हा क्रम उलटा आहे. त्याला पुठ्ठा 'सापडला' असे म्हणणे मला बरोबर वाटत नाही. ज्याच्या घरात सगळे काही नवे असते, त्याला जुने सापडते. ज्याने आयुष्यभर जुनेच हाताळले, त्याच्या दृष्टीने ते हरवलेलेच नसते. भंगारवाल्याचे कसब कशात असते? झिजलेल्या वस्तूत अजून किती जीव आहे हे ओळखण्यात. हा दोर जहाजाला चालणार नाही, पण पडाव बांधायला चालेल. हे शीड फाटले, पण त्याचे ताडपत्रीसारखे पांघरूण होईल. वीस-बावीस वर्षे वॉलिसने हे पारखले. तेच डोळे घेऊन तो पुठ्ठ्याकडे बघतो आणि त्याला दिसते की या तुकड्यात एक गलबत मावेल आणि वाऱ्याला थोडी जागा उरेल. ही दृष्टी कलाशाळेत मिळालेली नाही, आणि अडाणीपणाचीही नाही. ती धंद्याची आहे. त्याला 'आदिम' किंवा 'भाबडा' चित्रकार म्हणण्याची जी रीत पडली, ती मला म्हणूनच पटत नाही. डोलकाठीचा कुठला दोर कुठे बांधलेला असतो याविषयी तो कधीच भाबडा नाही. जहाजाच्या बाबतीत भाबडे असतील तर त्याची चित्रे पाहणारे आपण.

तो हे सगळे का काढत होता? त्याने एका पत्रात सांगितले आहे की, आपण काढतो ते आठवणीतले, पूर्वी असायचे ते, आणि पुन्हा बहुधा दिसणार नाही ते. हे पत्र कुठल्याही शाळामास्तराने लाल शाईने रंगवून टाकावे अशा अक्षरलेखनात आहे; जसे बोलायचे तसे लिहायचे, विरामचिन्हांचा पत्ता नाही. पण त्यातील म्हणणे अचूक आहे. त्याच्या तरुणपणी सेंट आइव्जचे पोट पिलचर्ड या माशावर चाले. आपल्या तारलीच्या जातकुळीतला हा मासा. टेकडीवर एक टेहळ्या उभा असे. पाण्याचा रंग बदलून माशांचा थवा आल्याचे दिसताच तो 'हेवा!' अशी आरोळी ठोके आणि हातातील झुडपांच्या जुड्या हलवून खालच्या बोटींना जाळे कुठे टाकायचे ते दाखवी. सगळे गाव किनाऱ्याकडे धावे. बायका मासा खारवीत, पिंपांत दाबून भरीत आणि तो इटलीला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी थवे येईनासे झाले, शिडांच्या जागी यंत्रे आली, आणि कोळ्यांच्या मोकळ्या पडलेल्या माड्यांतून चित्रकारांचे स्टुडिओ झाले. म्हणजे ज्या जगाचे चित्र वॉलिस काढत होता, ते गेल्यामुळेच त्याची चित्रे बघणारे लोक त्या गावात आले होते.

मालवणची रापण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. किनाऱ्यावर दोन्ही टोके धरून ओढायचे ते भले मोठे जाळे, पाण्याच्या रंगावरून मासळी ओळखणारे डोळे, दोराला लागलेले गावभरचे हात आणि शेवटी प्रत्येकाचा वाटा. यांत्रिक बोटींच्या स्पर्धेत ती रापण कशी आखडत गेली, हे तिकडच्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकतोच.

आणि ती 'हेवा' ही आरोळी. तो इंग्रजी शब्द नाही. कॉर्नवॉलची स्वतःची भाषा होती, वेल्श भाषेची बहीण. माउझल गावची डॉली पेंट्रीथ नावाची मासळी विकणारी बाई 1777 साली वारली. ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या शेवटच्या माणसांत तिचे नाव घेतले जाते. घराघरातून ती भाषा गेली, देवळातून गेली, बाजारातून गेली. पण माशाचा थवा दिसला की तोंडून निघायचा शब्द तेवढा शंभर-सव्वाशे वर्षे मागे राहिला. मग मासाही येईनासा झाला. आज अभ्यासक ती भाषा पुन्हा उभी करीत आहेत आणि काही उत्साही कुटुंबे मुलांना शिकवीत आहेत, हे चांगलेच आहे. पण दोन भाषांच्या घरांतून वाढणाऱ्या आपल्या वाचकांना यातून एक गोष्ट जाणवेल. भाषा शेवटी टिकते ती भाषणांत आणि ठरावांत नाही. ती हाताला चिकटलेल्या कामात टिकते. आमच्या वर्गातील मुले मराठी कवितेला चाल लावतात, पण नांगराच्या भागांची नावे, मागाच्या भागांची नावे, शिवणकामातील शब्द त्यांना ठाऊक नसतात, कानडीतीलही नसतात. दोन्हीकडून रिकामे. वॉलिसने आपल्या डोलकाठ्या आणि दोर जपले ते याच भीतीने असावेत.

येथवर स्तुती पुष्कळ झाली. समीक्षकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वॉलिसची सगळी चित्रे सारख्या तोलाची नाहीत. तेच गलबत, तेच दीपगृह, त्याच दोन टेकड्या पुन्हा पुन्हा येतात आणि दहा चित्रे सलग पाहिली की काहींत हात नुसता सवयीने फिरलेला कळतो. बंडलातून साठ पाठवायची म्हटल्यावर असे होणारच. माणसे तर त्याला जवळजवळ काढताच येत नाहीत. बोटीतली माणसे म्हणजे काळे ठिपके. ज्या बाईच्या आठवणीसाठी त्याने रंग हाती घेतला, तिच्या चेहऱ्याचे चित्र त्याच्या हातून झालेले माझ्या पाहण्यात नाही. घराच्या आत तो शिरत नाही, दारापाशी थांबतो. ही त्याची मर्यादा खरी. पण रिकाम्या घरात एकट्या माणसाने काढलेली ती घरे अशी बंद दारांची का, याचा अर्थ त्याच मर्यादेत आहे असे मला वाटते.

दुसरी तक्रार त्याच्या चाहत्यांविषयी. निकल्सन आणि वुड यांनी त्याच्याकडून खूप घेतले. चित्र ही आधी एक वस्तू असते, तिला कडा, जाडी, पोत असतात, हा धडा निकल्सनच्या पुढच्या कामात स्पष्ट दिसतो. त्यांनी ते ऋण कधी नाकारले नाही. ईडनी चित्रे जपली नसती तर ती चुलीत गेली असती, हेही खरे. परंतु 1941 साली म्हातारपणाने खचलेल्या वॉलिसला मॅड्रनच्या अनाथाश्रमवजा धर्मशाळेत जावे लागले आणि तेथेच 29 ऑगस्ट 1942 रोजी तो वारला. तेथेही तो वह्यांतून चित्रे काढीत होता. त्याला बेवारशासारखे पुरण्याची वेळ आली असता मित्रमंडळींनी धावपळ करून सेंट आइव्जच्या बार्नून दफनभूमीत जागा मिळवली. बर्नार्ड लीच या थोर कुंभाराने थडग्यावर भाजलेल्या फरशांचे चित्र बसवले: प्रचंड दीपगृह आणि त्याच्या पायथ्याशी दारात शिरणारा एवढासा म्हातारा. त्या थडग्यावरून पोर्थमिअरची पुळण दिसते, आणि त्याच पुळणीसमोर 1993 साली टेट गॅलरीची शाखा उभी राहिली. गौरवात काही कमी पडले नाही. फक्त गौरव आणि शिलिंग यांची गाठ त्याच्या हयातीत पडली नाही. आपल्याकडच्या लोककलावंतांच्या बाबतीत हे आपण इतके पाहिले आहे की इंग्रजांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता माझी चूक.

वीस-बावीस वर्षांपूर्वी, मी मुख्याध्यापक होण्याच्या आधी, शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील मालवणहून बेळगावला मासळी आणणाऱ्या टेम्पोवर चालक होते. तालुका पातळीच्या चित्रकला स्पर्धेसाठी आम्ही मुलांकडून चित्रे मागवली होती. विषय होता, 'माझ्या आवडीचे दृश्य'. सगळ्यांनी पाव शीट ड्रॉइंग पेपरवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नारळाचे झाड काढून आणले. या मुलाने खोक्याचा पुठ्ठा आणला. त्यावर बोटीला लावून उरलेल्या हिरव्या ऑइल पेंटने काढलेली होडी होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिच्यापुढे डोंगर अंगठ्याएवढे. होडीवर नाव लिहिले होते, अर्धे मराठीत, अर्धे कानडी लिपीत. पुठ्ठ्याला रंगाचा आणि मासळीचा वास येत होता.

वर्गात हशा झाला. चित्रकलेच्या शिक्षकांनी नियमपत्रकावर बोट ठेवले: कागद ठरावीक मापाचाच हवा. मी वर्गशिक्षक होतो. मी म्हणालो, "अरे, चांगल्या कागदावर काढून आण ना. आणि एवढी मोठी होडी कधी असते का?" मुलगा म्हणाला, "सर, आत बसल्यावर असते." मी हे उत्तर शिक्षकांच्या खोलीत विनोद म्हणून सांगितले आणि आम्ही सगळे हसलो. त्याने चांगल्या कागदावर काढून आणले नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांनी घर हलवले आणि त्याचा दाखला मीच लिहून दिला.

केटल्स यार्डच्या त्या खुर्चीत मला हे उत्तर आठवले. वॉलिसच्या एकूण कलेवर मी जी पाने वाचली, त्यांपैकी कुठल्याही पानात त्याच्या प्रमाणांविषयी याहून नेमके वाक्य मला आढळले नाही. आत बसल्यावर असते. ते वाक्य माझ्यासमोर उच्चारले गेले होते, मराठीत, आणि मला ते कळायला दोन दशके आणि विमानाचे तिकीट लागले.

तो मुलगा मोठा चित्रकार झाला असता असे मी म्हणत नाही. बहुधा नसता. सगळ्यांनी चित्रकार व्हावे म्हणून शाळेत चित्रकला नसते. पण ज्या वस्तू त्याच्या घरात होत्या, ज्या रंगाचा वास त्याच्या हाताला होता आणि ज्या दोन लिप्या त्याच्या डोळ्यांत एकत्र नांदत होत्या, त्यांतून त्याने एक होडी उभी केली होती. ती आम्ही कागदाच्या मापावरून परत पाठवली. वॉलिसच्या चित्राची किंमत आकारावरून ठरत होती. आम्ही तर मापावरून चित्रच नाकारले.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी एक छोटी गोष्ट केली आहे. आमच्या शाळेपुरत्या चित्रस्पर्धेच्या सूचनांमधून कागदाच्या मापाचा नियम काढून टाकला. गेल्या चार महिन्यांत लग्नपत्रिकांच्या पाठीवर, चपलांच्या खोक्यांच्या झाकणांवर, एका सिमेंटच्या पिशवीच्या आतल्या कागदावर काढलेली चित्रे आली आहेत. बहुतेकांवर अजून तेच दोन डोंगर आणि तोच उगवता सूर्य आहे. सवय एवढ्यात जाणार नाही. पण सिमेंटच्या पिशवीवर काढलेल्या चित्रात एका मुलीने वीटभट्टी काढली आहे आणि भट्टीचा धूर आभाळापेक्षा मोठा आहे. ती तेथेच राहते.

ते चित्र मी माझ्या खोलीत, खुर्चीत बसल्यावर समोर येईल इतक्या उंचीवर लावले आहे. पुढच्या सत्रात वर्गातील ज्या कोणाला ते घरी न्यायचे असेल, त्याने ते घेऊन जावे.